साडेआठ आणि आठ-तीस

मराठी बोलणाऱ्या मनुष्यास किती वाजले असें विचारलें तर तो 'साडेआठ' म्हणतो. आणि हीच वेळ कागदावर टिपून ठेवा म्हटलें तर ८.३० असें लिहितो. जिभेनें सांगितलेलें व लेखणीनें लिहिलेलें हीं दोन्ही एकच, असें आपण बाळपणापासून धरून चाललों आहों. आणि जोंवर तो कागद मनुष्य वाचीत होता तोंवर त्यांत बिघडण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु गणिताच्या दृष्टीनें पाहिलें तर येथें जीभ खरें बोलते व लेखणी खोटें लिहिते. साडेआठ म्हणजे आठ आणि अर्धा. दशांशांत तो ८.५० होतो. ८.३० ही संख्या आठ आणि तीन दशांश एवढीच आहे, आणि तासाचे तीन दशांश म्हणजे अठरा मिनिटें होत. हा बारा मिनिटांचा फरक मनुष्याच्या डोळ्यास दिसत नाहीं, कारण मनुष्य तें टिंब पाहतांच 'हें घड्याळाचें टिंब आहे' असें समजून घेतो. संगणकास तो समजूतदारपणा नाहीं.

सांप्रत पुष्कळ घरांतून जमाखर्चाची वही जाऊन तिच्या जागीं संगणकावरील कोष्टक आलें आहे, ज्यास लहानथोर सर्वच स्प्रेडशीट म्हणतात. किराणा, दूध, विजेचें देयक इत्यादि रकमा त्यांत सुखानें नांदतात. अडचण येते ती वेळेचा हिशेब त्यांत शिरला म्हणजे. ती कशी येते हें पुढील उदाहरणावरून ध्यानांत येईल.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांतील आजीबाई गेल्या वर्षीं पडल्या व त्यांचें कमरेचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, त्यांस घरीं आणलें, आणि दिवसभर जवळ बसण्यास व त्यांस उठविण्या-बसविण्यास एक बाई ठेवाव्या लागल्या. घरांतील सर्वजण त्यांस मावशी म्हणत. बोली तासाची होती. तासास ९० रुपये. येण्याजाण्याची वेळ मावशी स्वतःच दाराजवळ टांगलेल्या वहींत लिहीत, आणि महिनाअखेर घरांतील थोरले चिरंजीव ती वही संगणकावर उतरवून पैसे देत. आल्याची वेळ ८.००, गेल्याची १७.४५, दुसरींतून पहिली वजा, बाकी ९.४५. या बाक्यांची बेरीज घेऊन तीस ९० नें गुणावयाचें, असा त्यांचा सरळ मार्ग होता. एका महिन्यांत मावशी वीस दिवस पावणेसहापर्यंत थांबल्या आणि सहा दिवस साडेसहापर्यंत. यंत्रानें बेरीज दिली २५०.८० तास, वेतन २२,५७२ रुपये. मावशींनीं आपल्या चोपडींत 'वीस वेळां पावणेदहा, सहा वेळां साडेदहा' असें मांडलें होतें. त्याचे तास होतात २५८, आणि रुपये २३,२२०. फरक ६४८ रुपयांचा.

चिरंजीवांचें म्हणणें असें पडलें कीं, यंत्राची बेरीज चुकत नसते. मावशी म्हणाल्या, "दादा, मी चौथीपर्यंतच शिकले, पण वीस पावणेदहा म्हणजे दोनशेंत पांच कमी, एवढं मला येतं." त्यांचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें. पावकी-निमकी-पाउणकीचे पाढे आतां शाळांतून सहसा घोकवीत नाहींत, आणि घोकवावेत असा आमचा आग्रहही नाहीं. परंतु ज्या बाईस पाउणकी मुखोद्गत होती तिला तिचा पगार कळला, आणि ज्या गृहस्थांस ती नव्हती त्यांस तो कळला नाहीं, ही गोष्ट नमूद करण्यासारखी खरी. सुदैवानें घरांतील धाकट्या सूनबाईंनीं तें कोष्टक उघडून चौकटीं-चौकटींतून हिंडून पाहिलें, दोष कोठें आहे तें दाखवून दिलें, आणि मागील महिन्यांचीं पानेंही पुन्हा मांडून राहिलेली सर्व रक्कम मावशींच्या हातांत ठेवविली. त्या मधल्या आठ दिवसांत मात्र मावशी घरांत चहा घेत नव्हत्या, असें ऐकतों.

येथें कोणीं लबाडी केली नव्हती. ही चूक नेहमीं एकाच पक्षास बुडविते असेंही नाहीं. समजा, मावशी पावणेनऊस आल्या व सव्वापांचास गेल्या. खरे तास साडेआठ. परंतु १७.१५ मधून ८.४५ वजा केले तर यंत्र ८.७० सांगेल, आणि मालकाचे अठरा रुपये अधिक जातील. म्हणजे मिनिटांचा अंक गेल्यावेळीं मोठा असला तर नोकराचें नुकसान, लहान असला तर बहुधा मालकाचें. आणि दोन्ही प्रकार महिन्याभरांत मिसळले म्हणजे चूक अशी लपून बसते कीं ती वर्षानुवर्षे सांपडूं नये. मावशी ठीक आठाच्या ठोक्याला येत, म्हणूनच त्यांची चूक एका अंगास सांचली व दिसली. वेळेवर येण्याचें हें बक्षीस!

आमच्या वडिलांच्या पिढीस असला घोटाळा झाला नसता. आण्या-पैचें चलन मागें पडून ता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं. त्यापूर्वीं आठ रुपये चार आणे ही रक्कम कारकून ८-४-० अशी लिही. मध्यें आडवी रेघ, टिंब नव्हे. ती पाहून आठ आणि चार दशांश असें कोणी वाचलें नसतें, कारण सोळा आण्यांचा रुपया व बारा पैंचा आणा हें रक्तांत भिनलेलें होतें. पुढें नाणें दशमान झालें, वजनें-मापें दशमान झालीं. तास मात्र साठीचाच राहिला. त्यास आपण दशांशाचें टिंब दिलें हा दोष आपला, यंत्राचा नव्हे.

आतां यंत्र वेळ कशी ओळखतें तें पाहूं. एवढें एक समजलें म्हणजे पुढील सर्व खटाटोप आपोआप सुटतो. स्प्रेडशीट वेळेसाठीं तास मोजीत नाहीं, मिनिटेंही मोजीत नाहीं. तें एक अहोरात्र म्हणजे १ असें धरतें. दोन प्रहर म्हणजे ०.२५, माध्यान्ह म्हणजे ०.५, सायंकाळचे सहा म्हणजे ०.७५. एक तास हा एकाचा चोविसावा भाग, एक मिनिट हा १,४४० वा भाग, एक सेकंद हा ८६,४०० वा भाग. चौकटींत आपणांस ९:३० असें जें दिसतें तो केवळ वरचा पोशाख, आंत ०.३९५८३३ अशी संख्या असते. आणि पूर्णांकाचा भाग म्हणजे दिवसांची संख्या: ता. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तेथून पुढें मोजीत यावयाचें.

संस्कृत ज्योतिषाचा ज्यांस थोडा तरी परिचय आहे त्यांस हें ऐकतांच अहर्गणाची आठवण होईल. एखादा आरंभकाल निश्चित करून तेथून इष्ट दिवसापर्यंत किती दिवस लोटले ती संख्या म्हणजे अहर्गण. ग्रहगणिताचा पाया तोच. अहर्गण फार वाढला कीं गुणाकार-भागाकार जड होतात, म्हणून कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून रचलेल्या ग्रहलाघवांत अकरा वर्षांचें एक चक्र कल्पिलें, त्याचे दिवस ४,०१६ ठरविले, आणि चक्रें वेगळीं काढून अहर्गण लहान ठेवण्याची युक्ति केली. महाराष्ट्रांतील पंचांगें पुढें कित्येक शतकें याच ग्रंथावरून होत आलीं. संगणकास मोठ्या संख्येचें भय नाहीं, म्हणून त्यास चक्रांची गरज नाहीं. परंतु कल्पना तीच. दिवसाचा पूर्णांक म्हणजे अहर्गण, व अपूर्णांक म्हणजे त्या दिवसाची गत घटिका. फरक एवढाच कीं आपला दिवस सूर्योदयास उगवतो, त्याचा मध्यरात्रीं.

आतां कोणी घाईंत साडेनवासाठीं ९३० असें लिहिलें, आणि मग चौकटीचें स्वरूप बदलून 'वेळ' असें निवडलें, तर काय होईल? पुष्कळांचा समज असा असतो कीं स्वरूप बदललें कीं ९३० चे ९:३० होतील. होत नाहींत. चौकटींत मध्यरात्र दिसूं लागते. कारण ९३० ही संख्या यंत्राच्या मतें ९३० दिवस आहे, ती ता. १८ जुलै १९०२ ची मध्यरात्र होय. सून-मुलगा, नातवंडें, सर्व मिळून त्या चौकटीकडे पाहत बसतात, आणि यंत्र बिघडलें असें म्हणतात. पोशाख बदलून मनुष्य बदलत नाहीं, तसा स्वरूप बदलून आंकडा बदलत नाहीं. तो मुळांतच फोडून पुन्हा घडवावा लागतो.

हें घडविण्याचें सूत्र पुढीलप्रमाणें. समजा, बी२ या चौकटींत ९३० किंवा १७४५ असा आंकडा आहे. शेजारच्या चौकटींत लिहावें:

=टाइम(इंट(बी२/१००), मॉड(बी२,१००), ०)

(सोयीसाठीं येथें देवनागरी अक्षरें वापरलीं आहेत; यंत्रांत तीं रोमन अक्षरांनीं टंकावयाचीं.) इंट म्हणजे भागाकाराचा पूर्णांक: १७४५ भागिले शंभर, पूर्णांक १७. मॉड म्हणजे बाकी: ४५. टाइम हें नांवाप्रमाणें तास, मिनिटें व सेकंद घेऊन त्यांची वेळ बनवून देतें. भागाकार आणि बाकी, इयत्ता चौथीचें गणित. यापलीकडे यांत गहन कांहीं नाहीं.

कित्येक जण याऐवजीं आंकड्याचीं पहिलीं दोन अक्षरें तास म्हणून व शेवटचीं दोन मिनिटें म्हणून कापून घेतात. १७४५ ला हें चालतें. ९३० ला काय होतें पाहा. पहिलीं दोन अक्षरें ९३, शेवटचीं दोन ३०. त्र्याण्णव तास तर दिवसांत नसतात. पण टाइम तक्रार करीत नाहीं. तें चोविसांनीं भागून बाकी घेतें. ९३ मधून ७२ गेले, राहिले २१. सकाळचे साडेनऊ हे रात्रीचे साडेनऊ होऊन बसतात! ८१५ चें याहूनही वाईट. ८१ ची बाकी ९ येते, आणि सव्वाआठाचे सव्वानऊ होतात. उत्तर इतकें संभाव्य दिसतें कीं कोणास शंका येऊं नये. ०९३० असें पुढें शून्य देऊन टंकलें तरी उपयोग नाहीं. साध्या संख्येपुढील शून्य यंत्र गिळून टाकतें. म्हणून अक्षरें कापूं नयेत, भागाकार करावा, हें आमचें मत. मध्यरात्रीनंतरचे पाऊण तास, ज्यांचें ००४५ चें नुसतें ४५ होतें, तेही भागाकारानें बरोबर येतात: शून्य तास, बाकी ४५.

तथापि वरील सूत्रही डोळे झांकून वापरण्यासारखें नाहीं. टंकणाराचें बोट घसरून ९४५ च्या जागीं ९७५ झालें, तर यंत्र नऊ तास पंचाहत्तर मिनिटें समजून सवादहा असें निमूटपणें सांगेल. यास्तव बाकी ५९ हून अधिक असणाऱ्या ओळी आधीं शोधून काढाव्या. एक स्तंभ त्यासाठीं खर्ची पडला तर पडूं द्यावा.

मावशींच्या वहींतील टिंबाच्या आंकड्यांस सूत्र थोडें निराळें. बी२ मध्यें १७.४५ असल्यास:

=टाइम(इंट(बी२), राउंड(मॉड(बी२,१)*१००,०), ०)

एकानें भागून उरलेली बाकी म्हणजे टिंबापुढील भाग, ०.४५, त्याची शंभरपट ४५. मध्यें राउंड कशाला, असें कोणी विचारील. संगणक आंतून दोनाच्या पटींत मोजतो. आपल्यास एक तृतीयांश जसा दशांशांत पूर्ण लिहितां येत नाहीं, तसे त्याला आपले पुष्कळसे दशांश पूर्ण लिहितां येत नाहींत. त्यामुळें ४५ च्या जागीं किंचित् कमी असें कांहीं तरी उरण्याचा संभव असतो. मग पूर्णांक घेतांना मिनिट हरवतें. राउंड तें जवळच्या पूर्ण अंकावर आणून बसवितें.

परंतु हें सूत्र लावण्यापूर्वीं तें टिंब घड्याळाचें आहे कीं दशांशाचें, याचा निर्णय मनुष्यानेंच करावयाचा. ८.५ असें लिहिलें आहे. तें साडेआठ आहे, कीं आठ वाजून पन्नास मिनिटें, कीं घाईंत शून्य राहून गेलेलीं आठ वाजून पांच मिनिटें? आमची युक्ति अशी कीं, सगळा स्तंभ वरून खालपर्यंत एकदां पाहावा. त्यांत कोठें .७५ किंवा .८० दिसलें, तर तो दशांशाचा स्तंभ. घड्याळांत पंचाहत्तरावें मिनिट नाहीं. .१५, .३०, .४५ हेच वारंवार दिसत असतील तर तो बहुधा घड्याळाचा. आणि दोन्ही सांपडले तर ज्यानें लिहिलें त्यास हांक मारून विचारावें. शुद्ध दशांश तास असले तर काम फारच सोपें. चोविसांनीं भागलें कीं झाली वेळ. नुसतीं मिनिटें असतील, जशीं ५८५, तर १,४४० नीं भागावें. पावणेदहा तास मिळतात.

ज्यांस मुळापासूनच नीट लिहावयाचें आहे त्यांनीं तास आणि मिनिटें यांमध्यें दोन टिंबें द्यावींत: १७:४५. म्हणजे यंत्र स्वतःच त्यास वेळ समजतें व वरील एकही सूत्र लागत नाहीं. येथें एक सूचना संस्कृतप्रेमी वाचकांस, व मराठी कळफलक वापरणाऱ्या सर्वांसच. हीं दोन टिंबें आणि आपला विसर्ग दिसण्यांत जुळे भाऊ आहेत, परंतु यंत्रास ते परके. विसर्ग टंकला गेला तर त्या चौकटींतील मजकूर वेळ न राहतां शब्द होतो. डोळ्यांस भेद दिसत नाहीं. अशी चौकट ओळखण्याची खूण म्हणजे संख्या उजव्या कांठास चिकटते, शब्द डाव्या. बेरजेचें सम हें सूत्र शब्दांस वगळून पुढें जातें व ओरडत नाहीं. म्हणजे त्या दिवसाचे सर्वच तास बुडाले.

वेळा नीट झाल्या, गेल्यामधून आल्या वजा केल्या, आणि महिन्याची बेरीज घेतली. सूनबाईंनीं येथवर सर्व बरोबर केलें, आणि बेरजेच्या चौकटींत १८:०० असें दिसलें! सव्वीस दिवसांच्या श्रमाचे अठरा तास. त्या क्षणभर गोंधळल्या, आणि कोणीही गोंधळेल. आंत संख्या बरोबर होती: १०.७५, म्हणजे दहा दिवस आणि अठरा तास. परंतु घड्याळाच्या पोशाखांत दिवस दिसत नाहींत, केवळ वरचे तास दिसतात. स्वरूप निवडतांना तासाचें एच हें अक्षर चौकोनी कंसांत घातलें म्हणजे यंत्र तास चोविसांवर न थांबवितां पुढें मोजीत जातें, आणि २५८:०० असें दिसतें. एवढ्यावरही काम संपत नाहीं. या चौकटीस ९० नें गुणलें तर उत्तर येतें ९६७ रुपये ५० पैसे; कारण गुणिली जाते ती आंतली संख्या, १०.७५ दिवस. दर तासाचा आहे, म्हणून आधीं २४ नें गुणून दिवसांचे तास करावेत, मग ९० नें. तेव्हां २३,२२० येतात. कोणी विचारील कीं, वेतन इतकें कमी दिसलें तर चूक लगेच ध्यानांत येईलच. मावशींची येईल. परंतु दिवसाकांठीं दोन तास येणाऱ्या स्वयंपाकीणबाईंचा हिशेब दुसऱ्या रकमांबरोबर एकाच बेरजेंत मिसळला असला, तर ती येईलच असा भरंवसा आम्हांस वाटत नाहीं.

रात्रीच्या पाळीचें थोडें निराळें आहे. आजीबाईंस रात्रीं सोबत लागूं लागली तेव्हां दुसऱ्या एक बाई रात्रीं आठ ते सकाळीं आठ अशा येऊं लागल्या. आठांतून वीस वजा होत नाहींत. यंत्राच्या भाषेंत उत्तर उणें अर्धा येतें, आणि उणी वेळ एक्सेलला दाखवितां येत नाहीं. तें चौकट जाळीसारख्या चिन्हांनीं भरून टाकतें. (स्तंभ अरुंद असला तरी तेंच करतें, म्हणून प्रथम तो रुंद करून पाहावा.) उपाय पुन्हा बाकीचाच. वजाबाकी सबंध मॉडमध्यें घालून एकानें भागावी. उणें अर्ध्याची एकानें बाकी म्हणजे अधिक अर्धा, अर्थात् बारा तास. दिवसाच्या पाळीस हेंच सूत्र लावलें तरी तिचें उत्तर बदलत नाहीं, म्हणून सर्व ओळींस एकच सूत्र ठेवावें. मात्र एखादी बाई शनिवारीं सकाळीं येऊन सोमवारीं गेली, तर केवळ वेळा पुरणार नाहींत. तारखाही लिहाव्या लागतील.

पंचांग पाहणाऱ्यांसाठीं एक गोष्ट ओघानें सांगतों. अहोरात्राच्या घटिका साठ. म्हणून घटिकांस साठांनीं भागलें कीं यंत्राची वेळ तयार. चोवीस मिनिटांची घटिका वगैरे आडमार्ग नको. तिथि सूर्योदयानंतर २२ घटिका ३० पळांनीं संपते व सूर्योदय ६:१५ चा आहे, असें समजा. बावीस आणि अर्धा भागिले साठ, ०.३७५, म्हणजे नऊ तास. त्यांत सूर्योदय मिळविला कीं दुपारचे सव्वातीन. येथेंही २२.३० असें लिहून तेंच साठांनीं भागलें तर पुन्हा तोच टिंबाचा दोष.

ज्या कुटुंबांतून कुलवृत्तान्ताचें काम संगणकावर चाललें आहे त्यांस या अहर्गणाचा एक दोष ठाऊक असावा. सन १९८३ मध्यें बाजारांत आलेल्या लोटस १-२-३ या कोष्टकानें सन १९०० हें लीप वर्ष धरलें. ग्रेगरीच्या १५८२ च्या सुधारणेप्रमाणें शतकाचें वर्ष चारशेंनीं भागलें जात नसल्यास त्यास लीप मानीत नाहींत, म्हणून १९०० मध्यें २९ फेब्रुवारी नव्हती. पुढें एक्सेल आलें तेव्हां लोटसवरील जुनीं कोष्टकें त्यांत जशींच्या तशीं चालावींत म्हणून हा न झालेला दिवस त्यांनीं जाणूनबुजून कायम ठेविला, आणि तो अद्याप आहे. परिणाम असा कीं, १९०० च्या जानेवारी-फेब्रुवारींत जन्मलेल्या एखाद्या पणजोबांचा वार एक्सेलला विचारला तर तो एका दिवसानें चुकतो, ता. १ जानेवारी १९०० रोजीं सोमवार होता, तें रविवार सांगतें. लिब्रऑफिस या दुसऱ्या कोष्टकानें आपला शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ हा धरून ही अडचण टाळली आहे. आणि १९०० पूर्वींची तारीख तर एक्सेल तारीख म्हणून घेतच नाहीं; ती तेथें केवळ शब्द होऊन राहते. म्हणजे त्या मागील पिढ्यांचीं वयें त्याजकडून काढवून घेण्याची आशा धरूं नये.

मॅकिंटॉश यंत्रावरील जुन्या एक्सेलचा आरंभ ता. १ जानेवारी १९०४ चा होता, आणि तशीं कोष्टकें अजूनही कोठें कोठें सांपडतात. परदेशीं असलेल्या चिरंजीवांनीं तसें कोष्टक पाठविलें आणि त्यांतील आंकडे आपल्या कोष्टकांत उतरवून घेतले, तर सर्व तारखा चार वर्षे व एक दिवस मागें सरकलेल्या दिसतील. त्यांत १,४६२ मिळवावेत म्हणजे त्या जागेवर येतात. नुसत्या तासांच्या हिशेबास या सरकण्यापासून उपद्रव होत नाहीं. १,४६२ ही पूर्ण दिवसांची संख्या असल्यामुळें टिंबापुढील भागास ती स्पर्शही करीत नाहीं.